सोनकीची बहीण

सोनकी आणि तिची बिनपाकळ्यांची बहीण यांतला फरक मी इतक्या जणांना समजावला आहे की झोपेतून उठवलं तरी सांगेन. दोघी पावसाळ्यात उगवतात, दिवाळीपर्यंत वाळून जातात, पानं सारखीच. सोनकीच्या पिवळ्या गोंड्याभोवती पाकळ्यांची झालर असते, आंबेकोंड गावावरच्या कातळसड्यावर, त्या उघड्या खडकाळ पठारावर, मात्र बोडके गोंडे दिसतात. एवढ्यावर माझ्या मुळ्ये सरांनी नवी जात जाहीर केली, तिच्या नावात गावाचं नाव घातलं, आणि मी तिच्यावर पीएचडी करतेय.

गावाने त्या नावाचा पुरेपूर उपयोग केला. सड्यावर जांभ्या दगडाची चिरेखाण येणार होती. खाण झाली की खालच्या विहिरी आटणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, पण विहिरींसाठी कोण थांबतंय? जगात दुसरीकडे कुठे नसलेल्या फुलासाठी मात्र थांबले. स्थगिती मिळाली आणि खात्री करायला समिती येणार असं ठरलं.

घोळ माझ्या गच्चीत झाला. सड्यावरून आणलेलं बी मी जूनमध्ये कुंड्यांत पेरलं. भरपूर माती घातली, पाण्याला कधी चुकले नाही. श्रावण सरता सरता सगळ्या कुंड्या फुलल्या, पाकळ्यांसकट. म्हणजे बहीणबिहीण कोणी नव्हती. मूठभर मातीवर उपाशी वाढलेली तीच आपली सोनकी होती. मला रडू आलं. सरांना फोटो दाखवले तर ते म्हणाले, समिती जाऊ दे, मग बघू. प्रबंधावर सही त्यांची आणि विहिरी गावाच्या. मी तोंड उघडायचं तरी कुणासमोर?

समितीच्या दिवशी मी सकाळीच सड्यावर पोचले, तर सगुणाकाकी आणि आणखी काही बायका ओणव्या होऊन काहीतरी उपटत होत्या. काकीची विहीर सड्याच्या अगदी पायथ्याशी, त्यामुळे या फुलाचं सगळ्यात जास्त कौतुक तिला. गेल्या पावसाने खोलगट जागी माती आणून टाकली होती आणि यंदा तिथे पाकळ्यांची सोनकी फुलली होती. बियाण्याच्या भातातून भेसळीची रोपं काढून टाकतात, तशी या बायका ती काढत होत्या. ओळखायला त्यांना मीच शिकवलं होतं. दगडी गडग्याला लागून पिवळाधमक ढीग पडला होता.

"ही भायेरची शिरलीत," काकी म्हणाली. "म्हटलं, सायब यायच्या आत साफ करूया."

थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्यात ओणवी झाले. स्वतःचा इतका राग येत होता की एकही मूळ मी मागे ठेवलं नाही.

थोड्या वेळाने काकीने हाक मारली. तिच्यासमोर एक झाड उभं होतं. एका फांदीवरच्या गोंड्याला झालर, दुसऱ्या फांदीवरचा बोडका.

"बाय, ह्ये आपलं की भायेरचं?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. खालच्या वळणावर जीपचा आवाज ऐकू येत होता. मी गुडघ्यांवर बसले, त्या झालरीच्या पाकळ्या एकेक करून खुडल्या आणि म्हणाले, "आपलं."

काकीने त्या झाडाकडे बघितलं, मग ढिगाकडे. तिचं हसू मावळलं. तिने सगळा ढीग गोणपाटात भरला, गोणपाट दुमडला आणि त्यावर बसली.

समितीच्या मॅडम मनापासून काम करणाऱ्या होत्या, हेच वाईट. त्यांनी भिंग लावून बोडके गोंडे तपासले, आणि मग त्यांच्याबरोबर जीपमधून आलेल्या सरांना सोडून मलाच विचारलं की पाकळ्या असलेलं एखादं तरी झाड इथे दिसलंय का. सर समुद्राकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले.

मॅडमचं समाधान झालं. हे फूल तुमच्याइतकं कोणी ओळखत नाही, त्या म्हणाल्या, तेव्हा यापुढे दरवर्षी पाहणी करून खात्रीचा दाखला तुम्हीच द्यायचा. सरांनी मान डोलावली. गोणपाटावर बसल्या बसल्या काकीने माझा हात धरला, आणि जीप गेली तरी सोडला नाही.