बुटकीचं मूळ

काचघरातल्या खिडकीकडच्या फळीवर तिच्या रोपांचा ट्रे नव्हता. जिथं तो असायचा ती जागा कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केली होती. ते पुसलेलं पाहून तिला कळायचं ते कळलं. नुसता हलवला असता तर खाली मातीचे कण राहिले असते. पुसलंय म्हणजे टाकलंय.

"अहो, इथला ट्रे कुठंय?" तिनं काचघर सांभाळणाऱ्याला विचारलं.

"तो होय? सरांनी काढायला लावला काल," तो पाइप गुंडाळत म्हणाला. "आज पाहुणे येणार ना. सर म्हणाले, ही मरतुकडी समोर कशाला मांडलीयत? काढा ती, आणि चांगली रोपं पुढे आणा."

"काढून ठेवलीत कुठं?"

"ठेवायची कशाला? नियमाप्रमाणे पिशवीत भरली आणि वाफेला लावली."

झालं! प्रयोगशाळेतलं रोप असं कचऱ्यात टाकता येत नाही, आधी ऑटोक्लेव्हमध्ये घालून दाबाखालच्या वाफेत शिजवावं लागतं. तिनं जाऊन पिशवी उघडली. आत उकडलेल्या पाल्याचा लगदा होता. बी सांडू नये म्हणून तिनं शेंगांवर बांधलेल्या कागदी पिशव्यांचासुद्धा लगदा झाला होता. त्या शेंगा ती आज उतरवणार होती.

आता ही मरतुकडी म्हणजे काय प्रकरण होतं, ते ऐका. मोहरीच्या कुळातलं, तणासारखं दिसणारं एक रोप असतं. त्याच्या शेंड्यावरच्या पेशी एकमेकींना सतत निरोप धाडत असतात. एक म्हणते, बस झालं गं, तू आता पान हो, शेंडा मी सांभाळते. शेजारीण ऐकते, म्हणून झाड झाडासारखं वाढतं. हिच्या रोपात हा निरोप तीन ठिकाणी तोडलेला होता. कुणी कुणाचं ऐकत नाही, जी ती शेंडा व्हायला धावते. मग रोप होतं बोटभर, पानांची नुसती गचडी, आणि फुलं आली तरी वांझ. त्याचं नाव तिनं बुटकी ठेवलं होतं. तीन बिघाड एका रोपात आणायला तिची वर्षं गेली होती. बुटकीला बी धरलं तरच पुढचं काम, आणि पुढचं काम दाखवलं तरच तिची नेमणूक वाढणार, नाहीतर वर्षअखेरीला चंबूगबाळं आवरायचं. कितीतरी रोपं वांझ गेल्यावर या खेपेला चार शेंगा भरल्या होत्या.

आणि ती शिजवली कुणी? सरांनी! ज्यांनी सगळं आयुष्य याच रोपावर काढलं त्यांनी! दुसऱ्या कुणी टाकली असती तर तिनं अडाणीपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण या धंद्यात कुरूप रोप तेच कामाचं असतं आणि देखणं असतं ते फक्त तुलनेला ठेवलेलं, हे तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते याच माणसानं. त्यांच्या ऑफिसात खुर्चीमागं एक मोठा फोटो होता. वाकड्या पानांचं, खुरटलेलं एक रोप. तरुणपणी सरांना ते सापडलं, त्याच्या पेशी निरोप धाडत नाहीत म्हणून त्यांनी त्याला 'मुकी' म्हटलं, आणि त्या मुकीच्या जिवावर आज ते संचालक होते. बुटकी या मुकीच्याच वंशातली. तीनातला पहिला बिघाड तिथूनच आलेला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जिन्यात उभं राहून तिनं घरी फोन लावला. नवरा कामावर गेला होता, सासूबाईंनी उचलला.

"काय गं, उतरवल्या का शेंगा?" त्यांनी आधी तेच विचारलं. घरात रोज जेवताना बुटकीची खुशाली विचारली जायची.

"टाकली हो आई त्यांनी. सगळीच्या सगळी. शिजवली."

"शिजवली? मेल्यांचे हात झडले नाहीत ते! कुणी?"

"सरांनी."

"डोकं फिरलंय का त्या माणसाचं? अगं, मायक्रोस्कोपशी बसून मान मोडेस्तोवर काम केलंस तू! रोज मी तेल चोळत होते. त्या कलमांचं काय मग? तीही टाकली?"

"नाही, कलमातलं एकच जगलं, ते दिसायला चांग..."

ती बोलता बोलता थांबली. मग "आई, ठेवते," म्हणाली आणि धावत सुटली.

निरोप मुळाकडून वर जातो की शेंड्याकडून खाली येतो, हे बघायला तिनं कलमं केली होती. पापणीच्या केसाएवढी रोपं, त्यांची मान कापायची आणि एकीचं डोकं दुसरीच्या मुळावर बसवायचं. जवळजवळ सगळी कलमं मेली. एक तेवढं जगलं. वर साधं निरोगी डोकं, खाली बुटकीचं मूळ. वरून बघाल तर काचघरातलं सगळ्यात देखणं रोप! सरांच्या तावडीतून ते सुटलं होतं ते निव्वळ रूपावर.

काचघरात पाहुणे आले होते. सर सुटाबुटात मधोमध उभे. पुढं संस्थेला निधी देणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई, वयस्क, हातात चष्मा. आणि सरांच्या हातात कुंडी होती. तीच.

"ही आमच्याकडून छोटीशी आठवण," सर म्हणत होते. "साधंच रोप आहे, नेण्यात काही अडचण नाही. टेबलावर ठेवा."

"सर, ती देता येणार नाही," ती दारातून ओरडली.

सर हसले. "या आमच्या संशोधिका. रोपांवर फार जीव आहे यांचा." मग खालच्या आवाजात, "अगं, दुसरं घे की एखादं. इतकी आहेत."

ते हसू तिच्या डोक्यात गेलं. तिनं पुढं होऊन कुंडी त्यांच्या हातातून काढून घेतली, फळीवरची कात्री उचलली आणि फुलांनी डवरलेलं ते रोप मातीलगत, कलमाच्या गाठीवरच, कचकन कापलं.

"अगं ए! काय करतेस काय!"

"हे घ्या." तिनं कापलेलं डोकं सरांच्या हातात दिलं. "हे साधं आहे. हे द्या त्यांना. खालचं माझं आहे. काल तुम्ही ज्यांना मरतुकडी म्हणून वाफेला लावलंत ना सर, त्यांच्याच एका बहिणीचं एवढंच मूळ उरलंय जगात. कुंडीला चिठ्ठी लावलीय. वाचायची तरी होती."

सरांनी चिठ्ठी वाचली. चष्मा न लावता, डोळे बारीक करून. तिच्यावर मुळातल्या बिघाडांची नावं होती, पहिलंच 'मुकी'. त्यांचा चेहरा पडला.

"बी नव्हतं ठेवलं?" ते पुटपुटले.

"बीच पिकत होतं! मला एकदा विचारलं असतंत तर तोंड झिजलं नसतं तुमचं."

अध्यक्षीणबाईंनी चष्मा चढवला. "आता या मुळाचं काय होणार?" त्यांनी सरांना नाही, तिला विचारलं.

"तुकडे करून खाद्य घातलेल्या जेलीवर ठेवीन. नशीब असेल तर कोंब फुटेल. मुळातून फुटला की तो बुटकीचाच. नसेल नशीब, तर संपलं."

"मला कळलं नाही गं," सर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा बारीक आवाज तिनं ऐकला नव्हता, पण तिला दया आली नाही.

"कोंब फुटला तर त्याची कुंडी मी इथं नाही ठेवणार," ती म्हणाली. "तुमच्या ऑफिसात ठेवीन. खुर्चीमागं, त्या फोटोखाली. मग पाहुणे आले की काढून टाका बघू."

सर हातातली फुलं धरून तसेच उभे होते. ती कुंडी छातीशी धरून प्रयोगशाळेत गेली आणि नळाच्या बारीक धारेखाली मुळावरची माती धुवायला लागली. राग अजून गेला नव्हता, म्हणून ती मुद्दाम फार सावकाश धूत होती.