देगेवरचा काटा

मित्रांनो, मी तापमान दाखवणारा एक जुना काटा आहे, पण मला हातात धरायला जाल तर बोटाला नुसती काच लागेल. मी मोबाईलच्या पडद्यावर राहतो. वय तीन वर्षं, म्हणजे फोनमधल्या मंडळींत म्हाताराच.

मला घडवलं अदीबानं. ती शेंद्र्याच्या एका कंपनीत मोबाईलची ॲप बनवते. तिचे अब्बा, मुबारकभाई, जाफर गेटजवळ हिमरू कापडासाठी रेशीम रंगवतात. रंगाची देग, म्हणजे मोठा हंडा, पंच्याऐंशी अंशांवर ठेवायची. फार तापली की रेशमाची चमक गेलीच म्हणून समजा. मुबारकभाई जन्मभर वाफेवर तळहात धरून हे ओळखत आले होते. एके दिवशी ते लेकीला म्हणाले, "एक काटा बनव बेटा. आता जरा आराम पायजे." अदीबाला कोण आनंद! तिनं तयार काटा न घेता माझी रेघ न् रेघ स्वतः आखली.

देगेतल्या तापमापकाकडून माझ्याकडे आकडा यायचा. पण आमचं जिणं मोठं परावलंबी हो! आकडा कळला तरी आम्हाला आपणहून हलता येत नाही. 'याला पुन्हा रेखाटा' असं कुणीतरी सांगावं लागतं. नेमकी तेवढी एक ओळ अदीबा लिहायची विसरली. तिला ते कळणार तरी कसं? अब्बांची नजर अधू, म्हणून मोठा आकडा नीट दिसतो का हे बघायला ती दर वेळी फोन आडवा करायची. फोन आडवा झाला की सगळा पडदा नव्यानं रेखाटला जातो, आणि मी बरोबर खऱ्या आकड्यावर! ती शाबासकी द्यायची आणि मी फुशारून जायचो.

पहिल्याच दिवशी मुबारकभाईंनी फोन भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. देगेत किरमिजी रंगाच्या बारा लडी होत्या. एका नवरदेवाच्या शेरवानीचं कापड त्यातून विणायचं होतं. मी बासष्टवर उभा होतो. सत्तर आलं, मी बासष्टवर. ऐंशी आलं, नव्वद आलं. माझा जीव नुसता कासावीस झाला. खरा आकडा पोटात आणि तोंडाला कुलूप! मुबारकभाई माझ्याकडे बघत जाळ वाढवत होते. कुणीतरी हलवा रे मला, असं मी मनात ओरडत राहिलो.

तेवढ्यात त्यांची बायको अख्तरीबी चहा घेऊन आल्या. "या अल्ला! अहो, उकळाया लागलं की हे!"

"काटा तर बासष्टवर हाय. अजून लई वेळ हाय."

लेकीला विचारावं म्हणून अख्तरीबींनी फोन खिळ्यावरून काढला. तो हातात आडवा झाला, आणि मी एका उडीत सत्त्याण्णववर गेलो. मुबारकभाईंनी घाईघाईनं चुलीतला जाळ बाहेर ओढला, पण लडींची चमक गेली ती गेलीच.

संध्याकाळी अदीबा आली. तिला चूक पाच मिनिटांत सापडली. ती रडवेली झाली. "चुकलं माझंच. पण अब्बा, तुम्ही वाफेवर हात का नाही धरला?"

मुबारकभाईंनी तळहात पुढे केला. "धरला व्हता बेटा. ह्याला आता काय कळतच नाय. वरीस झालं, अंदाजानंच रेटतोय."

"अन् मला बी बोलला नाय?" अख्तरीबींनी विचारलं.

"काय बोलू? रंगाऱ्याचा हात गेला म्हनून?"

अदीबानं तो हात दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली, आणि माझी राहिलेली ओळही लिहिली.

तेव्हापासून मी अंशाअंशानं हलतो. काचेला तडा गेलाय, फोन सारखा अडखळतो, पण मुबारकभाई तो बदलू देत नाहीत. मित्रांनो, माझी काच पुसा असं मी म्हणणार नाही. आत काही बदललं तर ते आपल्या माणसांना दिसू द्या, एवढंच मागणं आहे. त्या दिवशी देगेपाशी जुनाच आकडा दाखवत उभे असलेले आम्ही दोघे होतो, मी आणि मुबारकभाई.