हौदातला गुण

"पाताळगंगा प्रकट झाली आहे! पृथ्वीच्या अंतापर्यंत हे कुंड आटणार नाही!" तीर्थनाथ महाराजांनी दोन्ही हात आभाळाकडं नेत घोषणा केली.

मागून हॉर्न वाजला. टँकरवाला फैयाज ओरडला, "महाराज, पाइप कुठं सोडू? हौद निम्मा खाली हाय!"

महाराज डगमगले नाहीत. "गंगामाई कोणत्याही रूपानं येते," ते म्हणाले. गर्दीनं टँकरलाही हात जोडले.

संन्यासाआधी महाराज काष्टीच्या शिवारात तळहातावर नारळ उभा करून बोअरची जागा दाखवत. एकाही बोअरला पाणी लागलं नाही, तेव्हा त्यांना वैराग्य आलं. गावचे पुढारी आबासाहेब, त्यांनी जागा दिली, हौद बांधून दिला, मठ झाला.

आजची गर्दी दिशासाठी होती. अडीच वर्षांची दिशा, सुनील आणि मोनिकाची मुलगी. तिच्या मणक्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी जन्मापासून मरत होत्या. तान्ही असताना पुण्यात एक मोठं इंजेक्शन मिळालं, पाठोपाठ रोज द्यायचं पातळ औषध. पोरगी मान धरू लागली, बसू लागली. मग कुणीतरी तिला हौदात धरलं, आणि तिचे पाय हलले.

"गुण आला!" गाव म्हणालं.

आपल्याकडं गुण आला की औषध सुटतं. ताप उतरला, गोळी बंद. हेच शहाणपण इथं चालवलं गेलं. महाराज म्हणाले, "आता बाटलीला शिवाल, तर गुण रुसेल." दसऱ्याला सुनीलनं बाटली हौदात रिकामी केली. मोनिका आडवी आली, तर म्हणाला, "तुला पोरीपेक्षा बाटली जवळची हाय व्हय?"

आता संक्रांत होऊन गेली होती. महाराजांनी दिशाला छातीएवढ्या पाण्यात धरलं. बारीक पाय वर आले, हलले. टाळ वाजले.

तपासणीच्या तारखा चुकल्या म्हणून पुण्याच्या दवाखान्यातून शोधत आलेल्या डॉक्टर उझ्मा कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी एक बादली पाण्यात बुडवली.

"आबासाहेब, जरा उचला. एका बोटानं."

"बाई, एका बोटानं?" म्हणत त्यांनी कडीत बोट घातलं. पाण्यात बादली अलगद वर आली. आबासाहेब खूश झाले.

"आता पाण्याबाहेर काढा."

बोट वाकलं. दुसरा हात लावावा लागला.

"आता बादलीला गुण आला म्हणायचं, का पाण्यानं भार उचलला म्हणायचं?"

पलीकडून म्हाताऱ्या बनुबाई फिसकन हसल्या, "अगं बया! विहिरीवर आमी उभा जलम हेच केलं की! ध्यानात कसं आलं न्हाई?"

महाराज गरजले, "श्रद्धेला बादली लावता?"

"मग पोरीला बाहेर घ्या," डॉक्टर म्हणाल्या.

महाराज हलले नाहीत. मोनिकाच पाण्यात उतरली, तिनं दिशाला वर उचललं. पाय दोऱ्यासारखे लोंबले. मानही कलली. दसऱ्याआधी ती मान ताठ होती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. टाळ थांबले.

सुनील डॉक्टरांकडं वळला. "म्याडम, औषध परत चालू केलं, तर मान येईल ना?"

"आजच चालू करू. पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत, सुनील. आहे तेवढं राखता येईल. जास्तीचं वचन देत नाही. ते देणारे इथं आहेत." मग त्या गर्दीकडं वळल्या. "माझंही खरं मानू नका. दुसऱ्या डॉक्टरला विचारा, तिसऱ्याला विचारा. पण चालू औषध कुणाच्या शब्दावर सोडू नका."

महाराज मठाच्या मागच्या दारानं निघाले होते. हौद बांधून देणारे आबासाहेब आता कठड्यावर चढले. "बंधूंनो आणि भगिनींनो! आजपासून आपल्या गावात विज्ञानाचं युग..."

"आबा," पाण्यातून मोनिका म्हणाली, "ते मागून बोला. आधी कुनीतरी कोरडा टॉवेल द्या. पोर वल्ली हाय."