शंख वाजल्यावर पडायचं

त्या सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही. एक तर त्याला आणखी जाहिरातीची गरज नाही, आणि दुसरं कारण पुढे येईलच. त्याची पोस्टरं शहरातल्या सदर भागात खांबाखांबावर आहेत, हिरोची दाढी थंड पेयाच्या बाटलीवर आहे, आणि आमच्या ऑफिसातला गौरांग रोज सकाळी डबा टेबलावर ठेवायच्या आधी त्याचा जगभरातला गल्ला जाहीर करतो. अमेरिकेत किती झाले, आखातात किती झाले, जपानात अजून लागायचाच आहे. जणू सगळे पैसे याच्याच बापाच्या खात्यात जमा होऊन राहिले आहेत.

"सुशीलभाऊ, आता जगात फक्त तीन पिक्चर पुढे आहेत. पुढच्या हप्त्यात तेही मागे पडतात, पाहून घेजा."

"पण पिक्चर कसा आहे?"

"अरे, एवढे हजार करोड कमावले ना त्यानं!"

म्हणजे विषय संपला. पंगतीत जेवण कसं होतं विचारलं की पत्रावळी किती उठल्या ते सांगणारी ही जमात. जगातले सगळ्यात जास्त कमाईचे सिनेमे यांना तोंडपाठ असतात, क्रमाने, आकड्यांसकट. त्यातला एखादा प्रसंग आठवतो का विचारा, की तोंडाकडे पाहत बसतील.

मी विम्याच्या कार्यालयात नोकरी करतो आणि शुक्रवारी एका दैनिकात सिनेमाची परीक्षणं लिहितो. या सिनेमाला मी एक तारा दिला होता, तोही शून्य छापायची सोय नाही म्हणून. एक गोष्ट मात्र लिहिली नव्हती. उत्तरार्धातलं मोठं युद्ध सुरू झालं आणि मला गाढ झोप लागली. तेवढ्या गोंगाटात माणसाला झोप लागणं हेही परीक्षणच आहे असं माझं तेव्हा मत होतं, आणि आजही आहे.

म्हणून सुभद्रामामीचा फोन आला तेव्हा माझी पंचाईत झाली.

"सुशील, थो राक्षसायचा पिक्चर तू पाह्यला म्हंते?"

"पाह्यला मामी. एकदम फालतू हाय."

"फालतू असो नाहीतं सोन्याचा असो. त्याच्यात तुया मामा पडला का नाही पडला, तेवढं सांग."

मामांचं शूटिंग याच सिनेमाचं, हे मला आठवलंच नव्हतं. माझे मामा, रुपराव, उमरेडकडच्या एका खेड्यातले शेतकरी. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या गावाजवळच्या बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत या सिनेमाचं शूटिंग झालं होतं. खाणीतून उपसलेल्या मातीचे काळे डोंगर तिथे आयतेच उभे आहेत. सिनेमावाल्यांना त्यात पाताळ दिसलं. आजूबाजूच्या गावांतली माणसं रोजीवर नेली, अंगाला काळा रंग फासला, डोक्याला शिंगं बांधली आणि राक्षसांची फौज तयार केली. विदर्भातल्या माणसाला राक्षस करायला यांना फार मेहनत पडली नसावी. उन्हानं निम्मं काम आधीच केलेलं असतं.

त्यात मामाही होते. हुकूम साधा होता: हिरो दूरवरून हवेत तलवार फिरवील, शंख वाजेल, शंख वाजला की सगळ्यांनी पडायचं. मामा म्हणत, सगळे पडले, मी नाही पडलो.

"काहून पडू गा? कोणी मारलं का मले? थो पोट्टा तिकडं फर्लांगभर दूर, छत्रीखाली बसूबसू थकलेला. त्यानं हवेत पातं फिरवलं अन् मी चिखलात तोंड घालू? आपल्या बापानं नाही पाडलं आपल्याले!"

आता मामांचा लौकिक सांगितला पाहिजे. मामांनी कऱ्हांडल्याच्या जंगलात छत्री उघडून वाघ पळवला होता. एका मंत्र्याला मामांच्याच विहिरीचं पाणी लागायचं म्हणे. मामी म्हणायची, "या माणसाचं बारा आणे खोटं अन् चार आणे ऐकीव." तेव्हा ही न पडण्याची गोष्टही लोकांनी त्याच टोपल्यात टाकली. मागच्या पोळ्याच्या आधी मामा झोपेतच गेले. तेरवीच्या पंगतीत बाबाराव बोलले. हे मामांचे शेतशेजारी. धुऱ्याला धुरा लागून, बांधाला बांध, म्हणजे भांडण पिढीजात. तेही त्या फौजेत होते.

"शंख वाजाच्या आधीच पडला होता रुपराव," बाबाराव म्हणाले, "अन् जेवणाचं पाकीट आलं तवाच उठला."

सगळी पंगत हसली होती. मीही तिथे होतो, आणि मामांच्या तेरवीला हसणाऱ्या त्या तोंडांचा मला भयंकर राग आला होता.

"मी बी हासली रे," मामी फोनवर म्हणाली. "बुंदी वाढून राहिली होती, अन् हासली. मले वाटलं, खरं असन बाबारावचं. या माणसाचं कोणतं बोलणं खरं होतं? पण तवापासून झोप नाही लागत धड. गावच्या लोकायसंगं नाही पाहाचा मले. पडला असन तं मी एकटीच पाहीन. तू चाल माह्यासंगं."

रविवारी मामी उमरेडच्या एसटीने आली. जांभळं नऊवारी लुगडं, केसांना तेल, हातात पिशवी. मॉलच्या दारावर तपासणी करणाऱ्या पोरीनं पिशवीतला चिवडा आणि पाण्याची बाटली काढून घेतली. त्या पोरीनं मोठ्या अदबीनं सांगितलं, बाहेरचं खाणं आत चालत नाही. आत मक्याच्या लाह्यांची बादली मामांच्या गावच्या दिवसभराच्या रोजीला मिळत होती. मामीनं बादलीकडे पाहिलं, भाव ऐकला, आणि पदरात बांधलेले फुटाणे चाचपून पाहिले. ते त्या पोरीला सापडले नव्हते.

सिनेमा पुन्हा पाहताना पहिल्यापेक्षा वाईट वाटला, ही एक कमाईच म्हणायची. हिरो डोंगरावरून उडी मारतो आणि केसाची बट हलत नाही. हिरोची आई मरते, मग स्वप्नात येऊन बोलते, मग पुन्हा मरते. कोणी पाणी प्यायलं तरी ढोल वाजतात. मागच्या रांगेतली पोरं हिरोच्या प्रत्येक नजरेला शिट्ट्या मारत होती आणि मोबाइलवर गल्ल्याचा ताजा आकडा पाहत होती. मामी फुटाणे खात होती.

"हा सरळ काहून नाही चालत?" तिनं विचारलं. "दर वेळी मान कायले वळवते? मोच आली का?"

"तसंच असते, मामी."

"अन् याची आई किती खेपा मरते?"

मध्यंतर झालं. युद्ध जवळ आलं, तसे फुटाणे पुन्हा पदरात बांधले गेले. मी तिच्याकडे पाहिलं. घाबरली होती. सगळ्या जगानं पाहिलेल्या सिनेमात तिला एकच गोष्ट पाहायची होती, आणि ती नको तशी निघाली तर तिचा माणूस कायमचा खोटा ठरणार होता. मीही पहिल्यांदाच त्या सिनेमात जीव लावून बसलो होतो. मामांनी पडू नये, एवढीच माझी त्या महागड्या दिग्दर्शकाकडे मागणी होती.

कॅमेरा उंचावर गेला. खाणीचा काळा खड्डा आता पार क्षितिजापर्यंत पसरला होता आणि त्यात शिंगंच शिंगं. लाखांची फौज, असं गौरांग म्हणतो. हिरोनं घोड्यावरून तलवार फिरवली. शंख वाजला. राक्षस पडायला लागले, वाऱ्यानं गहू लोळावा तसे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

एक माणूस उभाच राहिला.

दोन्ही हात कमरेवर, पोट पुढे, मान थोडी तिरपी. कापूस वेचणाऱ्या बाया सावलीला बसल्या की मामा धुऱ्यावर असेच उभे राहायचे. शिंगं होती, काळा रंग होता, पण मामाच होते. आजूबाजूला सगळे आडवे, आणि हा गृहस्थ त्यांच्याकडे पाहतो आहे, काय ही आळशी माणसं.

मग मला आणखी एक मामा दिसले, थोडे पलीकडे. मग त्याच्या पलीकडे आणखी एक. कमरेवर हात, पोट पुढे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. खाणीत माणसं होती जेमतेम दोनतीनशे. त्यांचाच एक तुकडा घेऊन कॉम्प्युटरवर मैदानभर छापला होता, साडीच्या काठावर एकच नक्षी फिरवतात तसा. आणि त्या तुकड्यात मामा उभे होते. सगळं पाताळ कोसळलं होतं आणि पार डोंगरापर्यंत रांगेनं रुपरावच रुपराव उभे होते. हजारो कोटींचा सिनेमा, शेकडो तंत्रज्ञ, देशोदेशीचे समीक्षक, आकडे पाठ केलेले करोडो गौरांग. एकाच्याही नजरेला हे पडलं नव्हतं. मी तर झोपलोच होतो.

मामी उभी राहिली.

"मामी, बस."

"नाही बसत."

मागून ओरड झाली. "आंटी, बैठ जाओ ना यार! दिखता नहीं!"

मामीनं वळूनही पाहिलं नाही. मामांच्या हयातीत ही बाई त्यांच्यासाठी कधी पाटावरूनही उठली नव्हती. "थो उभा हाय ना," ती म्हणाली, "मंग मी कशी बसू?" आणि ते दृश्य संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. पदर तोंडाला लावून रडत होती. मलाही रडू आलं. असल्या सिनेमात रडल्याची लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

बाहेर आलो तेव्हा माझे हात शिवशिवत होते. जगात चौथ्या नंबरचा सिनेमा, आणि त्यातली एवढी ढळढळीत चूक फक्त मला माहीत! पहिल्या पानावर घेतील. दिग्दर्शकाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी मामीला सांगितलं, तीही खूश झाली.

"लिही. नावानिशी लिही. रुपराव पडला नाही म्हणून लिही."

मग रिक्षात बसल्यावर मला सुचलं, आणि सगळा उत्साहच गेला. आता सिनेमे मोबाइलवर येतात ते चुका दुरुस्त करून येतात. मी लिहिलं तर लोक हसतील, कंपनी शरमेल, आणि कोणी एक पोरगा खुर्चीत बसल्या बसल्या दुपारभरात सगळ्या मामांना झोपवून टाकील. जे तलवारीनं जमलं नाही ते माऊसनं होईल. मी मामीला हे समजावलं.

तिनं विचारलं, "किती लोकायनं पाह्यला म्हंतं हा पिक्चर?"

"करोडो. साऱ्या जगानं."

"त्यायनं सारे पाह्यले तुये मामा?"

"सारे पाह्यले. वळखलं कोणी नाही."

"मंग राहू दे," मामी म्हणाली. "नको लिहू. जगाले सांगून काय कराचं हाय? मले एकाच माणसाले दाखवाचा हाय."

पुढच्या रविवारी उमरेडच्या एसटीतून मामी उतरली, आणि मागोमाग बाबाराव. धुवट धोतर, टोपी, चेहऱ्यावर फुकटच्या सिनेमाचा आनंद. तिकिटं मीच काढली. ज्या सिनेमाला एक तारा दिला त्याच्या जगभरातल्या गल्ल्यात माझी आणखी तीन तिकिटं जमा झाली. सोमवारी गौरांग जो आकडा ओरडला त्यात तीही असणार.

बाबाराव सिनेमाभर बोलत होते. माझा शॉट कसा घेतला, मी कसा पडलो, साहेब कसे खूश झाले. मामी हूं हूं करत होती. शंख वाजला. फौज लोळली. बाबाराव पुढे झुकले, आणि त्यांचं बोलणं मध्येच थांबलं.

"हा तं... हा तं रुपराव हाय," ते म्हणाले. "अन् थो बी रुपराव. माय वं, सारेच रुपराव!"

या वेळी मामी उभी राहिली नाही. आरामात मागे रेलून बसली होती.

बाबाराव डोळे बारीक करून पडद्यावर शोधू लागले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"पण वहिनी," ते म्हणाले, "मी कुठं हाव याच्यात?"

मामीनं पदराची गाठ सोडली आणि फुटाणे त्यांच्यापुढे धरले.

"पाहा ना भाऊजी, शोधा," ती म्हणाली. "त्या पडलेल्यायत असान."