आडवे होण्याची लाज

मित्रांनो, चाके काढून घेतल्यामुळे विटांवर टेकलेली मी एक जुनी रुग्णवाहिका आहे. एकोणीसशे अडुसष्ट साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझा सांगाडा पत्र्याने मढवला गेला. पोटात एक स्ट्रेचर, प्राणवायूचे एक नळकांडे आणि डोक्यावर पितळी घंटा, एवढाच माझा संसार. एका धर्मादाय संस्थेने मला हार घालून नारळ फोडला. पण त्यानंतर शहराने माझ्याकडे प्रेमाने पाहिल्याचे आठवत नाही. मी गल्लीत शिरले की बायका पदर तोंडाशी नेत आणि म्हणत, "कुणाच्या दारात आली गं बाई ही!" जणू संकट मीच घेऊन आले होते.

त्या भीतीचा मला राग नाही. माझे वैर आहे ते एका कौतुकाशी.

बाळासो वस्ताद तालमीत पोरांना कुस्ती शिकवीत. एका सकाळी घरी येऊन बसताच त्यांच्या छातीत कळ आली, डावा हात भरून आला, दरदरून घाम फुटला. घर अरुंद बोळात. मी बोळाच्या तोंडाशीच थांबले. माझा चालक सयाजी मदतनिसाला घेऊन, स्ट्रेचरसह आत धावला.

"वस्ताद, आडवं व्हा. आमी उचलतो."

"खुळा का काय तू? सारी पेठ बघतीया. बाळासोची पाठ आजवर कुणी लावली न्हाय, आन् तू ह्या फडक्यावर लावतोस व्हय?"

कुस्तीत ज्याची पाठ मातीला लागते तो हरतो, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पत्नी गौराबाईंनी हात जोडले. वस्ताद मात्र ताठ मानेने माझ्यापर्यंत चालत आले. "वाऽ वस्ताद!" बघे ओरडले. हृदयाच्या स्नायूला रक्त पोचत नसताना प्रत्येक पाऊल त्याच्याकडून नवे कष्ट मागते, हे त्या गर्दीला कोण सांगणार? मदतनिसाने नाकातोंडावर प्राणवायू धरला, सयाजीने मला घंटा वाजवीत पिटाळले; पण दवाखान्याच्या फाटकाआधीच, बसल्या बसल्याच, वस्तादांची मान कलंडली.

पेठेने या मरणाचा जवळजवळ पोवाडाच केला. "शेवटपत्तुर पायावर हुता गडी!" मग छातीत कळ आलेले कितीतरी पुरुष माझ्यापर्यंत चालत येऊ लागले, आणि त्यांतले काही परतले नाहीत. कोणी म्हणेल, हे शौर्यच. मी म्हणते, जे शौर्य शत्रूला ओरखडाही काढत नाही आणि आपल्याच हृदयाचा घात करते, त्याला शौर्य म्हणणे हा त्या शब्दावरच अन्याय आहे.

काही वर्षांनी त्याच घरातून पुन्हा बोलावणे आले. छातीत कळ आलेले वस्तादांचे धाकटे भाऊ अण्णासो भिंत धरून उठत होते.

"दादा चालत गेलता. म्या निजून जाऊ व्हय?"

गौराबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "चालत गेलते, म्हणून तर गेले! भाऊजी, मुकाट्यानं आडवं पडा."

"लोकं काय म्हणतील, वैनी?"

"लोकं माझं कुंकू पुसताना बघाय बी आलती. पडा म्हणते न्हवं!"

अण्णासो पडले, पण स्ट्रेचर बोळातून निघताच त्यांनी लाजेने टॉवेल तोंडावर ओढला. गौराबाईंनी तो हिसकावला. "मढ्याचं तोंड झाकत्यात, जित्याचं न्हाय!" बघ्यांनी वाट सोडली. वाटेभर अण्णासो उघड्या तोंडाने रडत होते आणि श्वास घेत होते. दवाखान्यात औषध मिळाले, विश्रांती मिळाली, आणि ते वाचले.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाच्या छातीत अशी कळ आली, तर त्याला चालू देऊ नका, जिना उतरू देऊ नका. तो चिडेल, शिव्या देईल. त्या ऐकून घ्या. आणि तो बरा होऊन परतेल, तेव्हा त्याच्या स्वागताला सगळे जा. अण्णासोंना मीच घरी आणून सोडले. त्या दिवशी बोळाच्या तोंडाशी गौराबाई एकट्याच उभ्या होत्या.