काशिदसमोरचा ठिपका

मुरुडच्या आफराने मच्छीमार सोसायटीसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. होड्यांवरचे मोबाइल आपली जागा कळवत राहायचे आणि सोसायटीच्या नकाशावर ठिपके सरकायचे.

तिच्या लिनक्स लॅपटॉपवर तो पाठीमागे निमूट चालायचा. सोसायटीच्या विंडोजवर मात्र क्लार्क भावेश लॉग आउट करून घरी गेला की बंद पडायचा. मग तिने तो सर्व्हिस म्हणून बसवला; कुणी असो-नसो, चालूच. खरा त्रास मोबाइलचा. बॅटरी वाचवायची म्हणून अँड्रॉइड मागची कामं परस्पर मारून टाकायचा. तिने होडीहोडीवर जाऊन प्रत्येक मोबाइलमध्ये त्यातून सूट देऊन ठेवली.

त्या दुपारी अचानक वारा फिरला. सगळ्या होड्या परतल्या, तिच्या अब्बांची, हमदुल्लांची, तेवढी नाही. सोबत खलाशी स्वप्निल होता. ठिपका मुरुडच्या उत्तरेला, काशिदसमोर उभा होता. सकाळपासून तिथेच.

"इंजिन बंद पडलं असेल," भावेश म्हणाला. "बोटी तिकडेच पाठवू."

आफरा नोंदी बघत होती. अब्बांच्या मोबाइलने रात्री स्वतःहून अपडेट घेतला होता. "भावेशदादा, अपडेटने सूट काढून टाकली असेल तर होडी नाही, प्रोग्राम थांबलाय. अब्बा कुठेही असतील."

"मग जायचं कुठे?"

तिने पुन्हा फोन लावून पाहिला. अब्बांचा फोन लागत नव्हता. किनाऱ्यावरून त्या मोबाइलमधलं काहीच तिला चालू करता येत नव्हतं. बोटी काशिदकडेच गेल्या. ती पडद्यासमोर बसून राहिली. अम्मीने, सफुराने, विचारलं, "हलला का गं?" आफराने मान हलवली. नाही.

दुसऱ्या दिवशी होडी दक्षिणेला, दिवेआगरच्या बाजूला, उलटलेली सापडली. अब्बा तिला धरून होते. स्वप्निल सापडला नाही.

स्वप्निलची बायको ठमी सोसायटीत आली. रडली नाही. "तुज्या नकाशात ते कुठं व्हते?"

"काशिदसमोर."

"मग तिथं का न्हाय गावले?"

आफराने सांगायला सुरुवात केली. मोबाइल, अपडेट, पाठीमागे चालणारं काम. ठमी तिच्या तोंडाकडे बघत होती. बोलता बोलता आफरालाच आपले शब्द ऐकवेनात. ती गप्प झाली.

"सांग ना," ठमी म्हणाली.