नबीलालचा कर्णा आणि जटावाले

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे आणि या घडीला माझ्या तोंडात डिझेल आहे. कर्जतजवळच्या एका विहिरीवर इंजिनात तेल ओतायला माझे नरसाळे केले आहे. ओतून झाले की मला भिंतीशी उपडे टाकतात. तेलाची मला फारशी किळस येत नाही. तेल निदान खोटे बोलत नाही. माणसांनी माझ्या तोंडून जे जे बाहेर काढले, त्यातले पुष्कळसे याहून घाण होते.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा साच्यावर फिरवून कारागिरांनी माझे तोंड फुलवले, मागे लांब नळी जोडली आणि वरून रुपेरी रंग मारला. कर्जतच्या नबीलालने मला पसंत केले आणि घोंगडीत गुंडाळून एस.टी.च्या टपावरून गावी आणले. वाटेत शेजारच्या डालग्यातल्या कोंबड्यांनी माझ्यावर नको ते केले. नबीलालने घरी पोचताच आपल्या रुमालाने मला पुसले. एवढ्या मायेने मला नंतर त्याच्या मुलीखेरीज कोणी पुसले नाही.

नबीलालचा धंदा लाऊडस्पीकरचा. लग्न, जत्रा, सभा, जिथे बोलावणे येईल तिथे तो मशीन, बॅटरी आणि मला घेऊन जाई. पहिल्या वर्षी मी हरखून गेलो होतो. पोरे माझ्या तोंडात डोके घालून 'कूऽ' करत, बाया लांबूनच मला न्याहाळत. पण पुढे मला वीट येत गेला. लग्नात कोणी किती भारी आहेर केला हे मी गावभर ओरडून सांगायचे. पान खाल्लेले पाहुणे माईकवर थुंकी उडवत गाणी म्हणायचे. दुष्काळ पडला तेव्हा खडी फोडणाऱ्या बायांसमोर एका पुढाऱ्याने माझ्या तोंडून घाम आणि त्याग यांच्यावर लांबलचक भाषण केले आणि संपता संपता मागे वळून विचारले, "कोंबडी शिजली का?" माईक चालूच होता. तेही मीच सगळ्यांना ऐकवले. बाया हसल्या नाहीत. त्यांनी हातोड्या उचलल्या आणि पुन्हा खडी फोडायला घेतली.

या सगळ्या घाणीत मला एकच गोष्ट गोड लागली. ती म्हणजे जटावाले.

भिंगारला लष्करातल्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा नबीलालने त्याच्याकडून जुने रेकॉर्ड वाजवायचे मशीन घेतले. त्याबरोबर एक इंग्रजी रेकॉर्ड आली. पाकिटावर पडक्या भिंतीवर बसलेले चार गोरे तरुण होते. केस खांद्याखाली उतरलेले, दाढ्या वाढलेल्या. लग्नांतली भांडी घासणाऱ्या लंकाबाईने ते चित्र पाहिले आणि मढीच्या यात्रेतले गोसावी समजून हात जोडले. तेव्हापासून आमच्याकडे त्यांचे नाव जटावाले पडले. त्यांचे खरे नाव कोणी विचारले नाही.

लग्नाची शेवटची पंगत उठली की धंद्याची गाणी संपत. मग वायर गुंडाळण्याआधी नबीलाल स्वतःसाठी जटावाल्यांचे एक गाणे लावायचा. गाणारा घसा बसल्यासारखा गायचा, पण अगदी आतून. त्याच्या मागे गिटार वाजायचे. ते रडत नसे. रडू आवरून धरलेल्या माणसासारखे मध्येच थांबे आणि पुन्हा सुरू होई. लंकाबाई परात बाजूला ठेवून ऐके. आचारी गोरक्ष विझत्या चुलीपाशी बसे. पुढे पुढे दुसऱ्या वाड्यांवरूनही माणसे येऊ लागली. जेवून घरी जायचे सोडून ती मांडवात रेंगाळत. लंकाबाईच्या मते ते गाणे सासरी अडकलेल्या बहिणीला भावाने घातलेली हाक होते. गोरक्षच्या मते गाणाऱ्याचा बैल मेला होता. एकदा शाळेतल्या गुरुजींनी अर्थ सांगू का असे विचारले, तेव्हा गोरक्ष म्हणाला, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. आमचं आमाला पुरतंय."

एवढेच काय ते माझे सुख. त्यालाही दृष्ट लागली.

धान्याचे आडते सहादेवराव यांचा मुलगा गहिनीनाथ पुण्याला कॉलेजात होता. सुट्टीत आला असता त्याने एका लग्नात माझ्या तोंडून जटावाले ऐकले आणि धावतच नबीलालपाशी आला. आपण या चौघांचे वेडे आहोत, म्हणाला. नबीलालला कोण आनंद झाला. इतका शिकलेला मुलगा आपल्यातलाच निघाला, असे तो घरी जाऊन बायकोला, बिस्मिल्लाला, दोनदोनदा सांगत होता. गहिनीनाथने रेकॉर्ड एका दिवसासाठी मागितली आणि नबीलालने ती पाकिटासकट त्याच्या हातात ठेवली. ती परत आली नाही. निरोप गेले. तो पुण्याला आहे, कपाटाला कुलूप आहे, किल्ली सापडत नाही, अशी उत्तरे आली.

त्या हिवाळ्यात नबीलालला लकवा झाला. उजवे अंग गेले, वाचा गेली. कान मात्र शाबूत राहिले. त्याची मुलगी जहिरा मला घेऊन कामाला जाऊ लागली. मुलीच्या जातीने झाडावर चढून कर्णा बांधावा यावर गावाने तोंडाला येईल ते बोलून घेतले. ते मी ऐकले, पण सुदैवाने ते मला बोलावे लागले नाही. संध्याकाळी ती घरी आली की नबीलाल डाव्या हाताचे बोट हवेत गोल गोल फिरवायचा. पहिल्यांदा बिस्मिल्लाला वाटले, पाणी हवे. जहिराला कळले. तो रेकॉर्ड मागत होता. दिवसेंदिवस त्याचे अन्न कमी होत गेले, पण ते बोट फिरायचे थांबले नाही. जहिराने मनाशी ठरवले, अब्बाला ते गाणे एकदा ऐकवायचेच.

म्हणून उन्हाळ्यात गहिनीनाथच्या बहिणीच्या लग्नाचे काम आले, तेव्हा तिने ते लगेच घेतले. सकाळीच तिने मला सहादेवरावांच्या अंगणातल्या कडुलिंबावर, मांडवाकडे तोंड करून बांधले आणि गहिनीनाथला गाठले. तो ओट्यावर पुण्याच्या मित्रांबरोबर बसला होता. मी वरून सगळे पाहत होतो. मधोमध एक काळे, कडांना पाकळ्यांसारखे वळलेले भांडे होते आणि त्यात विड्यांची थोटके, पानाची पिंक पडली होती. जहिरा त्या भांड्याकडे बघत राहिली. त्याच्या तळाशी आमच्या रेकॉर्डवरचा इंग्रजी अक्षरांचा गोल कागद चिकटलेला होता. ती रेकॉर्ड होती. गरम पाण्यात बुडवून, मऊ करून त्याने तिचे थुंकायचे भांडे केले होते.

मित्रांनो, त्या क्षणी मला आली तशी शिसारी मला पुन्हा कधी आली नाही.

"ही आमची रेकॉर्ड हाय," जहिरा म्हणाली.

"होती," गहिनीनाथ म्हणाला. "तुमच्या मशीनच्या सुईनं तिचं भरीत केलं होतं. माझ्याकडे माझी आहे, थेट विलायतेहून आणलेली."

जहिराने राग गिळला. अब्बाची अवस्था तिने सांगितली. तुमची रेकॉर्ड तुमच्याच हाताने घरी आणून एकदा वाजवा, मी हातसुद्धा लावणार नाही, म्हणाली. त्याने नकारार्थी मान हलवली. स्वतःची असताना आमची कशाला नेली, असे तिने विचारले. तेव्हा मित्रांकडे बघत, हसत तो म्हणाला, "तालुक्यातल्या भांडी घासणाऱ्या बायका जटावाले जटावाले करत फिरतात. पुण्यात सांगायची लाज वाटते मला."

तेवढ्यात लंकाबाई आणि गोरक्ष मोठी पातेली घेऊन तिथून चालले होते. त्यांनी ते ऐकले. गहिनीनाथला त्यांची आणखी थट्टा करावीशी वाटली.

"मावशी, तुम्हाला कळतं तरी का तो काय म्हणतो? त्यानं त्याची जुनी मोटार विकली, त्याचं गाणं आहे ते."

"मोटार हुती व्हय," गोरक्ष म्हणाला. "पन गेलीच ना?"

लंकाबाईने पातेले दुसऱ्या कमरेवर घेतले. "मोटारीसाटी येवढा जीव तुटतोय, म्हंजी मानूस लई भला हाय," ती म्हणाली आणि पुढे गेली.

दुपारी अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली. लंकाबाई आणि इतर बाया मांडवामागे राखेने भांडी घासत होत्या, कारण त्या साली पाणी टँकरने येत होते आणि त्यातले हात धुवायला कोणी देत नव्हते. गहिनीनाथने आपले चकचकीत मशीन मांडवात आणले. त्याचा आवाज तेवढ्या मांडवाला पुरणारा नव्हता, म्हणून त्याने जहिराला आमचा माईक त्यासमोर ठेवायला लावला. मग माझ्या तोंडून तो म्हणाला, "आता थोडं वेगळं संगीत. ज्यांना कळतं त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी जेवून घ्यावं."

आणि गाणे सुरू झाले. इतक्या महिन्यांनी ते गिटार माझ्या नळीतून वर चढले.

कर्ण्याचे तोंड जिकडे, आवाज तिकडे. नबीलालचे घर मांडवाच्या पाठीमागे, ओढ्यापलीकडे होते. जहिरा हातात पाना घेऊन झाडावर चढली. तिने माझा बोल्ट सैल केला, दोन्ही हातांनी माझी मान धरली आणि मला अर्धे वळवले. मांडव माझ्या पाठीशी गेला. समोर पत्र्याची घरे, कोरडा ओढा आणि त्यापलीकडे नबीलालचे छप्पर आले. मी सगळी ताकद लावून तिकडे गाऊ लागलो.

मागे काय चालले होते ते मला दिसत नव्हते, पण सगळे ऐकू येत होते. मांडवात आवाज बसला म्हणून पाहुणे कुरकुरले. गहिनीनाथ झाडाखाली येऊन तिला उतर म्हणून दरडावू लागला. जहिराने पाना कमरेला खोचला. ती फांदीवर बसून राहिली. तिचा हात माझ्या मानेवर होता. मग 'सुईच उचलतो' म्हणत गहिनीनाथ मशीनकडे गेला, आणि माईकमधून, गाण्यावरून, लंकाबाईचा आवाज माझ्या तोंडून बाहेर पडला.

"दादा, सुई उचलू नगा. माजे हात राखंनं भरल्यात. घाईत कुटं लागतील, सांगता येत न्हाई."

नंतर जहिराने घरी सगळे सांगितले. लंकाबाई राखेने भरलेले दोन्ही हात त्या फिरत्या, स्वच्छ रेकॉर्डवर, बोटभर अंतरावर धरून उभी होती. तिच्या शेजारी गोरक्ष, त्याच्याही हातात तेलकट झारा. गहिनीनाथ त्या हातांकडे बघत जागच्या जागी उभा राहिला. ते हात बाजूला सारायचे तर त्यांना शिवावे लागले असते आणि तेवढे त्याच्याने होईना. सहादेवरावांनी वरपक्षासमोर तमाशा नको म्हणून लांबूनच त्याला गप्प राहण्याची खूण केली. गाणे शेवटच्या सुरापर्यंत झाले.

पलीकडचे बिस्मिल्लाने सांगितले. गाणे सुरू झाले तेव्हा नबीलालचे फिरणारे बोट थांबले. तो दाराकडे बघत निपचित ऐकत राहिला. गाण्यात मध्येच लंकाबाई बोलली, तेव्हा त्याच्या चेहऱ्याची जी बाजू जिवंत होती, ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. त्यानंतर त्याने बोट फिरवले नाही. पुढच्या जुम्म्याच्या आत तो गेला. लंकाबाई मातीच्या दिवशी येऊन बिस्मिल्लाजवळ बसली.

त्यानंतर आडत्याच्या शब्दाबाहेर नसलेल्या घरांनी जहिराला कामे देणे बंद केले. धंदा बसला. जहिरा लग्न होऊन पारनेरला गेली. जाताना तिने मला पुसून गोणपाटात गुंडाळून ठेवले होते, पण पोटाला लागते तेव्हा गोणपाट सोडावेच लागते. बिस्मिल्लाने मला विकले, याचा मला राग नाही. विहिरीवरून गोरक्ष कधीमधी जातो. ते गिटार तो तोंडाने वाजवत जातो, चुकीचे, पण थांबायचे तिथे बरोबर थांबतो. त्याच्या पाठीवरच्या कढया खडखडत असतात.

मित्रांनो, वस्तू पुसून ठेवा, उन्हात टाकू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मला त्याहून जास्त मागायचे आहे. तुम्ही ज्या गाण्यावर जीव टाकता, त्याच गाण्यावर कोणी दुसरा जीव टाकताना दिसेल. त्याला त्याचा अर्थ कळत नसेल, गाणाऱ्याचे नावही ठाऊक नसेल. तेव्हा नाक मुरडू नका. तुमचे गाणे त्याने उष्टे केलेले नसते. जरा सरकून घ्या आणि त्याला शेजारी बसू द्या.